विश्लेषण : माळरान सरकारी नकाशात ‘पडीक’ कसे ठरते?

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष चराऊ कुरणे आणि पशुपालकांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले आहे. आपल्याकडे मात्र माळरानाचा मोठा भाग सरकारी नकाशांत ‘पडीक जमीन’ म्हणून रंगवला जातो. नकाशातल्या या एका शब्दावर त्या जमिनीचे पुढचे भवितव्य ठरते. हे वर्गीकरण कोण करते, कसे करते आणि त्यात चुकते काय?

पुण्याहून सोलापूरकडे जाताना भिगवण मागे पडले की उसाच्या फडांमधून अधूनमधून मोकळी जमीन डोकावते. मुरमाड, थोड्या चढउताराची. गुडघ्याएवढे गवत, मध्येच एखादा हिवर, बोरीची झुडपे, तरटीचे काटे. पावसाळ्यात ही जमीन हिरवी असते, दिवाळीच्या सुमारास सोनेरी आणि एप्रिलमध्ये मातीच्या रंगाची. मराठीत तिला माळ म्हणतात. लांडगा, खोकड, चिंकारा, धाविक आणि चंडोल यांचे हे घर. धनगरांची मेंढरे पिढ्यान्पिढ्या इथेच चरत आली. माळढोक या पक्ष्याच्या तर नावातच माळ आहे.

हीच जमीन नकाशात शोधू गेले तर ती तीन-चार वेगवेगळ्या नावांनी सापडते. कुठे ‘विरळ झुडपी जमीन’, कुठे ‘दाट झुडपी जमीन’, कुठे ‘अवनत चराऊ जमीन’, तर कुठे ‘उघडा खडकाळ भाग’. नावे वेगळी असली तरी ती सगळी ज्या मोठ्या शीर्षकाखाली येतात, ते एकच आहे : पडीक जमीन.

नकाशातला वर्ग म्हणजे काय?

जमीन सलग असते, नकाशाला मात्र रेषा मारावी लागते. गवत कुठे संपले आणि झुडूप कुठे सुरू झाले, टेकडी कुठे संपली आणि मैदान कुठे लागले, याच्या रेषा प्रत्यक्षात कुणी आखलेल्या नसतात. त्या नकाशा करणारा आखतो. त्यासाठी तो आधी वर्ग ठरवतो आणि मग जमिनीचा प्रत्येक तुकडा कोणत्या ना कोणत्या वर्गात टाकतो. एकही तुकडा रिकामा सोडता येत नाही.

हे वर्ग ठरवताना तीन वेगळे प्रश्न विचारता येतात. इथे काय आहे? म्हणजे गवत, झाडे, पाणी, खडक. याला भूआच्छादन म्हणतात. दुसरा, लोक इथे काय करतात? शेती, वस्ती, चराई, खाणकाम. हा भूवापर. तिसरा प्रश्न असा की या जमिनीचे मोल किती? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे शिवारात जाऊन तपासता येतात. तिसऱ्याचे उत्तर मात्र विचारणाऱ्यावर अवलंबून असते. मेंढपाळाला विचारले तर एक, ऊस लावू पाहणाऱ्याला विचारले तर दुसरे, सौरऊर्जा कंपनीला विचारले तर तिसरेच.

‘पडीक’ हे या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे. ते पहिल्या प्रश्नाच्या रकान्यात लिहिले गेले आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो. नकाशात तलाव, जंगल, शेत यांच्या पंक्तीला ‘पडीक’ बसवले की तेही निसर्गातलेच एखादे रूप असल्यासारखे वाटू लागते.

‘पडीक’मध्ये काय काय मोडते?

केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाचा भूसंसाधन विभाग आणि ‘इस्रो’चे हैदराबाद येथील राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र मिळून देशाचा पडीक जमिनींचा नकाशासंग्रह तयार करतात. पहिली आवृत्ती २००० साली आली, पाचवी २०१९ मध्ये. पाचव्या आवृत्तीनुसार २०१५-१६ मध्ये देशात सुमारे ५ कोटी ५७ लाख हेक्टर जमीन पडीक होती, म्हणजे एकूण भूभागाच्या १६.९६ टक्के. महाराष्ट्राच्या पावणेदोन पटींहून अधिक. त्याआधीच्या २००८-०९ च्या मोजणीत हे प्रमाण १७.२१ टक्के होते. ही घट अर्थातच प्रगती म्हणून मांडली गेली.

या संग्रहात पडीक जमिनीचे २३ प्रकार आहेत आणि त्यांची यादी वाचण्यासारखी आहे. खाणींनी उकरलेली जमीन त्यात आहे, कारखान्यांच्या कचऱ्याने नासलेली जमीन आहे, क्षारपड जमीन आहे. हे समजण्यासारखे आहे. पण त्याच यादीत दलदलीचा प्रदेश आहे, नदीकाठची आणि समुद्रकाठची वाळू आहे, वाळवंटातले वाळूचे डोंगर आहेत, ईशान्येतली फिरत्या शेतीची जमीन आहे, उघडे खडक आहेत. इतकेच काय, बर्फाच्छादित प्रदेश आणि हिमनद्याही आहेत. गंगा-यमुनेला पाणी पुरवणारी हिमनदी पडीक! यादी करणाऱ्यांना हिमनदीचे महत्त्व माहीत नव्हते, असे म्हणणे वेडेपणाचे ठरेल. त्यांनी प्रश्नच असा घेतला होता की ज्याचे उत्पन्न नाही ते कोणते. त्या प्रश्नाला हिमनदी हेही प्रामाणिक उत्तर आहे.

व्याख्याही तेच सांगते. वाजवी प्रयत्नांनी जिच्यावर वनस्पतींचे आच्छादन आणता येईल, पण सध्या जिचा पुरेसा वापर होत नाही, किंवा जी माती-पाण्याच्या व्यवस्थापनाअभावी वा नैसर्गिक कारणांनी खालावते आहे, ती पडीक. ‘पुरेसा वापर’ कोणाचा, हे व्याख्येत नाही. मेंढरांनी वर्षातले चार महिने चरणे हा वापर आहे की नाही?

सुरुवात कुठे झाली?

योगायोग असा की या कहाणीचा एक महत्त्वाचा टप्पा इंदापूर तालुक्यातच घडला. पेशवाई संपल्यानंतर मुंबई इलाख्यात कंपनी सरकारने जमीन महसुलाची नवी पद्धत बसवायला घेतली. प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याची पहिली मोजणी फसली, सारा डोईजड झाला, शेतकरी गावे सोडून जाऊ लागले. मग १८३० च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी इंदापुरात नव्याने काम सुरू केले. मातीची खोली आणि रंग पाहून सोळा आण्यांच्या हिशेबात तिची प्रत लावायची, दोष असतील तर आणे कमी करायचे, आणि त्यावर सारा ठरवायचा. ही पद्धत पुढे सगळ्या इलाख्यात गेली. शेतीच्या दृष्टीने ती खरोखर बारकाईची होती आणि तिच्या खुणा आजही महसुली दप्तरात भेटतात.

पण या पद्धतीत जमिनीचे मोल म्हणजे तिच्यातून निघणारा सारा. जिच्यावर सारा बसत नाही ती जमीन हिशेबाबाहेर. सातबाऱ्यावर आजही लागवडीयोग्य क्षेत्राखाली ‘पोटखराब’ क्षेत्राची वेगळी नोंद असते. गावगाड्याच्या भाषेत कुरण, गायरान, गवतपड, वरकस असे नेमके शब्द होते आणि त्यांतला प्रत्येक शब्द जमीन कशी आहे आणि कोण वापरते हे एका दमात सांगत असे. महसुली भाषेत त्यातले काही उरले, बाकीचे ‘खराबा’त जमा झाले. स्वातंत्र्यानंतर दप्तर बदलले नाही. १९८५ मध्ये केंद्राने राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ स्थापन केले, दरवर्षी ५० लाख हेक्टरवर सरपण आणि चाऱ्याची झाडे लावण्याचे लक्ष्य ठेवले. लक्ष्य ठेवले की जमीन कुठे आहे हे दाखवावे लागते. पडीक जमिनींच्या नकाशांची गरज या धोरणातून आली.

उपग्रहाला माळ का दिसत नाही?

दिसतो, पण ओळखू येत नाही. देशपातळीवरच्या या नकाशांसाठी भारतीय उपग्रहांवरील जो कॅमेरा प्रामुख्याने वापरला गेला, त्याच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा साधारण २३.५ मीटर लांबी-रुंदीचा चौकोन. एवढ्या चौकोनात गवत, दोन बोरी, एक हिवर आणि उघडा मुरूम हे सगळे मावते. उपग्रह या सगळ्यांकडून परतणाऱ्या प्रकाशाची सरासरी टिपतो. जंगल दाट असते, पाणी पाण्यासारखेच असते, त्यांची सरासरी ठळक निघते. माळाची सरासरी नांगरून ठेवलेल्या शेताजवळ जाते, कधी उजाड जमिनीजवळ, तर कधी झुडपी रानाजवळ.

दुसरी अडचण ऋतूची. हिरवी पाने अवरक्त प्रकाश जोरात परतवतात, त्यावरून उपग्रह हिरवाई ओळखतो. माळावरचे पवन्या, मारवेल, कुसळीसारखे गवत वर्षातले मोजके महिनेच हिरवे असते. नंतर ते वाळते, म्हणजे मरते असे नाही. मुळे जमिनीत जिवंत असतात आणि पहिल्या पावसाला पुन्हा फुटतात. मेमधले चित्र पाहणाऱ्याला मात्र तिथे काहीच नसते. आता खरीप, रब्बी आणि उन्हाळा अशा तीन हंगामांची चित्रे एकत्र पाहिली जातात, हे चांगलेच. तरीही वर्गांची यादी जुनी असेल तर चांगले चित्रही जुन्याच डब्यात पडते.

तिसरी अडचण प्रमाणाची. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर ३ मिलिमीटरचा चौकोन हा दाखवण्याजोगा सर्वांत लहान तुकडा मानला, तर जमिनीवर तो सव्वादोन हेक्टरांचा होतो. त्याहून लहान कुरणे, ओढ्याकाठच्या गवताच्या पट्ट्या, देवराईभोवतीची मोकळी जागा हे सगळे शेजारच्या मोठ्या वर्गात विरघळते.

देशाच्या भूवापर नकाशांत ‘गवताळ, चराऊ जमीन’ असा वर्ग नाही असे नाही. तो आहे. पण दख्खनचा माळ निव्वळ गवताचा नसतो. गवत आणि त्यात विखुरलेली काटेरी झाडे, ही त्याची घडण. जगात या घडणीला सव्हाना म्हणतात, आफ्रिकेतल्या सव्हानावरचे माहितीपट घराघरांत पाहिले जातात. इथे मात्र झाडे आहेत म्हणून तो गवताळ वर्गात बसत नाही आणि झाडे थोडी आहेत म्हणून जंगलात बसत नाही. मधल्या मध्ये ‘झुडपी जमीन’ होऊन तो पडीकमध्ये जातो.

जंगलाच्या नकाशात तरी?

भारतीय वन सर्वेक्षण संस्था दर दोन वर्षांच्या आसपास वनस्थितीचा अहवाल काढते. तिची व्याख्या सोपी आहे. एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर १० टक्क्यांहून अधिक भाग झाडांच्या छत्राखाली असेल तर ते वनाच्छादन, मग जमीन कोणाचीही असो, झाडे कोणतीही असोत. त्यामुळे आमराई, नारळाची बाग, रबराची लागवड हेही वनाच्छादनात धरले जाते. १० टक्क्यांखाली गेलेली वनजमीन ‘झुडपी’ ठरते आणि बाकी सगळे ‘वनेतर’. हजार वर्षे गवताचा असलेला माळ या मोजणीत शून्य, आणि त्याच माळावर दहा वर्षांपूर्वी लावलेले गिरिपुष्प वनाच्छादनातली वाढ.

वनशास्त्राच्या पुस्तकांनीही मदत केली नाही. चॅम्पियन आणि सेठ यांनी १९६८ मध्ये भारतातील वनप्रकारांचे जे वर्गीकरण केले, ते आजही प्रमाण मानले जाते. त्यात दख्खनचा हा प्रदेश ‘काटेरी वन’ म्हणून येतो. वन म्हटले की अपेक्षा आली, दाट व्हायला हवे होते. झाले नाही, म्हणजे कुऱ्हाड आणि मेंढरांनी खाल्ले असणार. माळ म्हणजे बिघडलेले जंगल, ही समजूत अशी पक्की झाली.

माळ हे खरेच बिघडलेले जंगल आहे का?

या प्रश्नाचे एक उत्तर अनपेक्षित ठिकाणाहून आले आहे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी जुने मराठी साहित्य धुंडाळले. तेराव्या शतकापासूनच्या कथा, स्थळांची वर्णने, लोकगीते यांत पश्चिम महाराष्ट्रातल्या कोरड्या भागातली कोणती झाडेझुडपे येतात, हे त्यांनी टिपले. सापडल्या त्या मुख्यतः काटेरी, उघड्या माळावर वाढणाऱ्या वनस्पती. म्हणजे हा प्रदेश किमान साडेसातशे वर्षे असाच मोकळा, गवताचा आणि काट्यांचा आहे. इंग्रजांनी जंगल तोडले म्हणून माळ झाला, हे म्हणणे निदान या भागापुरते टिकत नाही. महानुभावांच्या लीळांमधले झाडांचे उल्लेख पुढे जमीन वर्गीकरणाच्या वादात साक्षीला येतील, असे कुणाच्या स्वप्नातही नसेल.

आधुनिक नकाशाशास्त्रातूनही उत्तर आले. एम. डी. मधुसूदन आणि अबी तमीम वनक यांनी उपग्रह प्रतिमांवर संगणकीय पद्धती वापरून देशातल्या कोरड्या व निमकोरड्या प्रदेशातील अशा खुल्या नैसर्गिक परिसंस्थांचा नकाशा तयार केला. त्यानुसार देशाच्या किमान १० टक्के भूभागावर त्या आहेत आणि त्यांतला ५ टक्क्यांहूनही कमी भाग संरक्षित क्षेत्रांत येतो. उपग्रह तेच होते, जमीन तीच होती. वर्गांची यादी बदलली आणि लपलेला दशांश देश दिसू लागला.

एका शब्दाने काय बिघडते?

पडीक शब्दाचा पहिला परिणाम म्हणजे झाडे. पडीक जमीन झाकलीच पाहिजे, असे गृहीत धरले जाते. महाराष्ट्रात २०१७ ते २०१९ या काळात ५० कोटी वृक्षलागवडीची मोहीम झाली, एकट्या २०१९ चे लक्ष्य ३३ कोटींचे. एवढ्या झाडांना जागा लागते आणि सिंचनाची शेते कुणी देत नाही. माळांवर यंत्रांनी सलग समतल चर खोदले जातात, गवताचा थर उलटतो, खड्ड्यांत गिरिपुष्पासारखी लवकर वाढणारी झाडे लावली जातात. त्यातली बरीच मरतात. जगली तर त्यांच्या सावलीत माळाचे गवत मरते. माळढोकासारखा जमिनीवर अंडी घालणारा, लांबवरचा धोका पाहून उठणारा पक्षी अशा जागी राहत नाही. सोलापूरजवळच्या नान्नजसह माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झाले ते सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचे, नंतर ते सुमारे बाराशेवर आणले गेले. आज तिथे माळढोक दिसला तर बातमी होते. त्याला केवळ लागवड कारणीभूत नाही, उसाचे पाणी, विजेच्या तारा आणि शिकार यांचाही वाटा मोठा आहे. पण ‘झाडे लावली’ म्हणून पाठ थोपटून घेतली जाते तेव्हा हे आठवायला हवे.

कच्छच्या बन्नी कुरणात हा प्रयोग आधीच झालेला आहे. रणाचा खार पुढे सरकू नये म्हणून १९६० च्या दशकाच्या आरंभी तिथे वेडी बाभूळ पेरली गेली. तिने कुरणाचा मोठा भाग गिळला आणि आता ती काढण्यावर खर्च होतो आहे.

केंद्राच्या ‘ग्रीन क्रेडिट’ योजनेत हीच समजूत नियमाच्या रूपात आली. फेब्रुवारी २०२४ च्या नियमांत विरळ वने, झुडपी जमीन आणि पडीक जमीन लागवडीसाठी पात्र ठरवून हेक्टरी किमान १,१०० झाडांची अट घातली गेली. टीका झाल्यावर २०२५ मध्ये निकष बदलले आणि झाडांच्या संख्येऐवजी पाच वर्षांनंतरच्या वृक्षछत्राला महत्त्व आले. त्यासाठी ठरलेली किमान मर्यादा ४० टक्के. डोंगरातल्या तुटलेल्या जंगलासाठी ही सुधारणा चांगली आहे. माळासाठी मात्र ४० टक्के छत्र म्हणजे माळाचा शेवट. नियम करणाऱ्यांच्या हाती जो नकाशा आहे, त्यात या दोन जमिनी वेगळ्या दिसतच नाहीत.

दुसरा परिणाम ऊर्जा प्रकल्पांचा. देशाची सौरऊर्जा क्षमता ७४८ गिगावॉट असल्याचे सरकारी दस्तऐवजांत वारंवार आले आहे. राष्ट्रीय सौरऊर्जा संस्थेचा हा अंदाज होता आणि त्याच्या मुळाशी गृहीतक होते ते पडीक जमिनीच्या ३ टक्के भागावर सौरपट्ट्या बसवण्याचे. सौरऊर्जा हवीच. पण ‘पडीक जमीन वापरतो, कुणाचे काही जात नाही’ हे वाक्य खरे नाही, इतके तरी प्रकल्प मंजूर करताना मान्य व्हायला हवे. गायरानावर प्रकल्प येणार म्हटल्यावर काही गावांतून विरोध होतो तो सूर्याला नसतो. गावातल्या भूमिहीनाची शेळी आणि दोन गायी त्या गायरानावर असतात आणि कागदावर त्यांची नोंद नसते.

तिसरा परिणाम मेंढपाळांवर. पश्चिम महाराष्ट्रातल्या कोरड्या तालुक्यांतले धनगर पावसाळ्यात गावाकडच्या माळावर असतात आणि दिवाळीनंतर वाडे घेऊन कोकणाकडे उतरतात. वाटेत शेतकऱ्याच्या रानात मेंढरे बसवायची, खताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घ्यायचे, पावसाआधी परत फिरायचे. या चक्राचा एक पाय माळावर असतो. माळ लागवडीखाली कुंपणात गेला की तो पाय निखळतो. शेळ्या-मेंढ्यांना लांडगा खातो, म्हणून धनगर आणि लांडगा वैरी, असे वरवर दिसते. पण देशात उरलेले सुमारे तीन हजार लांडगे ज्या जमिनीवर आहेत, तिचा मोठा भाग चराईमुळेच नांगरापासून वाचला आहे.

कोकणातल्या सड्याचे काय?

देशावर माळ, तर कोकणात सडा. जांभ्या खडकाचे हे पठार, माती बोटभर, कुठे तीही नाही. उन्हाळ्यात तापलेला काळाभोर कातळ पाहून कुणीही त्याला उजाड म्हणेल आणि नकाशात तो ‘उघडा खडकाळ भाग’ म्हणून पडीकमध्ये जातोही. जूनमध्ये त्याच कातळावर डबकी साचतात, गेंद, सीतेची आसवे, कंदीलपुष्पे येतात. यांतल्या कित्येक वनस्पती फक्त इथेच वाढतात. अपर्णा वाटवे यांच्यासारख्या अभ्यासकांनी या पठारांची स्वतंत्र परिसंस्था म्हणून नोंद व्हावी यासाठी वर्षानुवर्षे काम केले आहे. साताऱ्याचे कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटातील इतर ठिकाणांबरोबर जागतिक वारसा यादीत गेले आणि लोक तिकीट काढून फुले पाहू लागले. रत्नागिरी, राजापूर, देवगडच्या सड्यांना ते भाग्य नाही. तिथे चिरेखाणी आहेत, कातळ फोडून बाहेरची माती भरून लावलेल्या कलमांच्या बागा आहेत. याच सड्यांवरची कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली. हजारो वर्षांपूर्वी माणसाने ज्यावर हत्ती-मासे कोरले तो कातळ पडीक म्हणायचा, हा मामला गमतीचा खरा, पण बाग लावणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर त्याच्या नावावर दुसरी जमीनच नसते. सडा वाचवायचा तर त्याच्याशी बोलावे लागेल, नुसता नकाशा रंगवून चालणार नाही.

व्याख्या आकड्यात बांधली की प्रश्न सुटतो?

अरवलीचा वाद ताजा आहे. आजूबाजूच्या जमिनीपासून १०० मीटर किंवा अधिक उंची असेल तरच ती अरवलीची टेकडी आणि अशा दोन टेकड्या ५०० मीटरच्या आत असतील तर ती रांग, ही समितीने सुचवलेली व्याख्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये स्वीकारली. राज्याराज्यांत वेगवेगळ्या व्याख्या होत्या, खाणवाल्यांना पळवाटा मिळत होत्या, तेव्हा एक आकडा हवा हा हेतू चुकीचा म्हणता येणार नाही. पण कमी उंचीच्या असंख्य टेकड्या आणि त्यांच्यामधली झुडपी जमीन बाहेर पडेल, अशी भीती व्यक्त झाली. राजस्थानपासून दिल्लीपर्यंत आंदोलने झाली आणि डिसेंबरअखेर न्यायालयानेच आपल्या आदेशाला स्थगिती दिली. वाळू अडवण्याचे आणि पाणी मुरवण्याचे काम ९० मीटरची टेकडीही करते. उंचीचा आकडा मोजायला सोपा, म्हणून तो निवडला गेला.

मग काय करायला हवे?

वर्गीकरण सोडून द्या, असे कुणी म्हणत नाही. वर्ग नसेल तर संरक्षणही नाही. पाणथळ जागांचे उदाहरण समोर आहे. पडीक जमिनींच्या यादीत ‘दलदलीचा प्रदेश’ म्हणून पडलेल्या जागांना ‘पाणथळ’ हे वेगळे नाव, वेगळा नकाशासंग्रह आणि २०१७ चे नियम मिळाले. त्यांचे सगळे प्रश्न सुटले नाहीत, पण पाणथळ बुजवणाऱ्याला निदान जाब विचारता येतो. माळ बुजवणाऱ्याला आज तो विचारता येत नाही, उलट त्याला अनुदान मिळते.

म्हणून पहिली गोष्ट म्हणजे ‘पडीक’ हे शीर्षक निसर्गाच्या रूपांवरून काढून घ्यावे. खाण उकरून सोडली, पाणी देऊन देऊन जमीन क्षारपड केली, त्यांना खुशाल पडीक म्हणावे. ते माणसाने केलेले नुकसान आहे आणि तिथे झाडे लावण्याला, दुरुस्तीला अर्थ आहे. हिमनदी, वाळूचे डोंगर, कातळ आणि माळ या यादीतून बाहेर काढावेत. गवत आणि विरळ काटेरी झाडे असलेल्या जमिनीसाठी स्वतंत्र वर्ग हवा. जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेच्या परिसंस्था वर्गीकरणात सव्हाना आणि गवताळ प्रदेशांना तसे स्थान आहे, म्हणजे नवा शोध लावायचा नाही.

एक धोका मात्र याच वाटेवर आहे. ‘परिसंस्था’ म्हणून नोंद झाली की वन विभागाचे कुंपण येते आणि मेंढपाळ बाहेर काढला जातो, हा अनुभव अनेक अभयारण्यांचा आहे. चराई पूर्ण थांबवलेल्या माळावर झुडपे माजतात आणि माळ माळ राहत नाही. इंदापूरच्या कडबनवाडी परिसरात वन विभागाने गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली, लांडगा आणि चिंकारा पाहायला पर्यटक येऊ लागले, ही चांगली सुरुवात आहे. पण सफारीच्या जीपला वाट आणि मेंढरांना बंदी, असे होऊ लागले तर पडीकपेक्षा ते फारसे बरे नाही. नव्या वर्गाच्या व्याख्येतच चराईचा हक्क लिहिलेला असायला हवा.

आणि हे काम हैदराबाद किंवा दिल्लीत बसून पुरे होणार नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावोगावच्या समित्यांनी लोकजैवविविधता नोंदवह्या केल्या आहेत. त्यांतल्या काही घाईने भरलेल्या, तर काही मन लावून केलेल्या आहेत. मन लावून केलेल्या वहीत गावचा माळ त्याच्या नावानिशी सापडतो. बरड कुठला, कुरण कुठले, कोणत्या टेकाडावर कोणते गवत, कोणत्या महिन्यात कुणाची जनावरे. ही वही ग्रामपंचायतीच्या कपाटात असते आणि सुदूर संवेदन केंद्राचा नकाशा संकेतस्थळावर. दोन्ही सरकारीच आहेत. पुढची आवृत्ती काढण्याआधी ती एकमेकांशेजारी ठेवून पाहायला नव्या उपग्रहाची गरज नाही.